पाणी परत देणारी पोरगी

पुणे सोडताना मला एकच गोष्ट ठरवायची होती: स्नेहलला एकटीनं काम करू द्यायचं की नाही. ती धुळ्याजवळच्या गावातली, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, आमच्या डेंग्यू संशोधनातली प्रशिक्षणार्थी. मी तिची प्रशिक्षक. मी होकार दिला तर बोदवडमधली तपासायची घरं तिच्याकडे जाणार होती. नकार दिला तर तिचं प्रशिक्षण तिथंच थांबणार होतं.

तरी प्रवास तो प्रवासच. पुण्याहून रेल्वेनं जळगाव गाठा. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळतात. नोव्हेंबरात गेलात तर वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चुकवू नका. आम्ही दोघी पोटभर जेवलो, बिल पुण्यातल्या दोन कॉफ्यांएवढं. तिखटाचं मात्र आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

"ताई, पाणी नका पिऊ, भाकरी खा," स्नेहल म्हणाली. मला हसू आलं. मी ते दाखवलं नाही.

सकाळी पॅसेंजरनं बोदवड. भुसावळनंतर दीपनगर वीजकेंद्राच्या उंच चिमण्या बराच वेळ खिडकीत राहतात. स्टेशनवरून गावात शेअर रिक्षा मिळते. इथं नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी येतं, म्हणून अंगणाअंगणात निळे ड्रम भरलेले असतात. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या त्यातच वाढतात. त्या गोळा करणं हे आमचं काम.

पहिलं घर कमलअक्कांचं. त्या ड्रमाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "दवाखान्याचे बॅगवाले येतात अन् पानी ओतून देतात. तुम्ही काय करसान?"

"नाही ओतणार, अक्का," स्नेहल म्हणाली.

स्नेहलनं मगभर पाणी काढलं, अळ्या ड्रॉपरनं नेमक्या टिपून बाटलीत घेतल्या आणि उरलेलं पाणी अंगणात फेकलं. प्रयोगशाळेत उरलेलं टाकूनच देतात. हात त्याच सवयीनं वळला.

अक्का ओल्या मातीकडे बघत राहिल्या. "आत्ताच काय म्हनली वं तू?"

झाकण बंद झालं. दुपारपर्यंत गल्लीतल्या एकाही घरानं ड्रम उघडला नाही.

परतीच्या गाडीत स्नेहल रिकाम्या राहिलेल्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत होती. समजूत घालणं मला जमत नाही. भुसावळला मी दोन चहा घेतले आणि एक तिच्या हातात दिला.

"ताई, उद्या एकदाच. नाही जमलं तर नाव काढून टाका माझं."

"उद्या बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेला सुती पंचा घेऊन आली. दारातच अहिराणीत म्हणाली, "अक्का, काल मनी चूक झायी. आमना गावमा बी पाणीनं असंच शे. आज पाणी या पंचामाईन गाळसू नि बठ्ठं तुमलेच परत देसू." बठ्ठं म्हणजे सगळं.

"ही तं धुळ्याकडची निंघाली!" अक्का हसल्या. "अन् सांडलं तं?"

"तितलं भरी देसू."

पंच्याचं एक टोक अक्कांनी स्वतः धरलं. पाणी गाळून हंडे, पातेली, बादल्या भरल्या. ड्रम रिकामा झाल्यावर स्नेहलनं आतून घासला, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. मग पाणी परत आत. पंच्यावर अळ्या वळवळत होत्या. अक्कांनी वाकून पाहिलं. "मायबाई! हे आमच्या पान्यात?"

मग भिंतीपलीकडे हाक मारली, "शोभा, ड्रम उघड वं! ही पोरगी पानी परत देते."

अळ्या जिवंत धुळ्याच्या प्रयोगशाळेत न्यायच्या होत्या. जळगावहून पारोळ्यामार्गे एसटी निघते. उन्हाची बाजू टाळून बसा. हवेसाठी झाकण सैल केलेल्या बाटल्या स्नेहलच्या मांडीवर होत्या.

"मासा शे का यामा, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"मासानं खाणं शे, भाऊ," स्नेहल म्हणाली. माशाचं खाणं, म्हणजे अळ्या.

धुळ्याला बाटल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून झाल्यावर मी सांगितलं, "सोमवारपासून बोदवड तुझं. एकटीचं."

तिनं बाटलीवरची सरळच असलेली चिठ्ठी पुन्हा सरळ केली. "अडले तर फोन करू ना?"

"कर."

"आणि नाही अडले तर?"

मी पिंजऱ्याची जाळी लावून घेतली. "तरी कर."

आता पुण्यात नव्या प्रशिक्षणार्थींच्या बॅगेत मी एक सुती पंचा ठेवते आणि गाळलेलं पाणी कुणाचं ते आधी विचारते. स्नेहल फोन करते; बहुतेकदा अडलेली नसते. परवा मागून अक्कांचा आवाज आला, "तुह्या मॅडमले म्हन, भरीत खायले या. तिखट कमी टाकीन."

"सांग त्यांना, येते," मी म्हटलं. "आणि तिखट आहे तेवढंच असू दे."