पहिली हाक

"जरा उभी राहा गं. हात दाखव सगळ्यांना."

धुळ्यातल्या कॉलेजचा हॉल. पन्नासेक बायका. माझ्या हातात चहाचा ट्रे. तो खाली ठेवला, हात पुढे केले. भांड्यांच्या पावडरीने चिरलेले.

"बघा," मॅडम माईकवर म्हणाल्या, "फिलिपिन्सच्या कथेतली ती मोलकरीण लांब कशाला शोधायची? आपल्याच घरात आहे. दबलेली. मुकी."

बायकांनी माना हलवल्या. एकीने मोबाईलमध्ये माझ्या हातांचा फोटो काढला. मला विचारलं नाही.

मी साक्रीकडची. चौथी शिकलेली. मॅडमकडे नऊ वर्षं धुणी-भांडी, स्वयंपाक करते. ती कथा मी वाचली होती. मराठीत केलेले कागद आठवडाभर ओट्यावर पडून होते. भाजी शिजेपर्यंत चार-चार ओळी वाचायची. तिकडच्या गावांची नावं जमली नाहीत, ती सोडली. कथेत मालकीण हाक मारते. मोलकरीण पहिल्या हाकेला जात नाही, दुसरीला जाते. दर वेळी. मॅडम सांगत होत्या, ती भीतीने गोठते.

चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. पण राहवलं नाही. तोंडातून घरची अहिराणीच आली.

"ती घाबरत नही, मॅडम. पहिली हाक तिले आयकू येस. ती मुद्दाम बठी ऱ्हास. तेवढा टाइम तिना शे."

हॉल हसला. "अय्या, बोलते की ही!"

मॅडमही हसल्या. "अगं, चौथीच्या पुस्तकात नसतं हे. जा, चहा गार होतोय."

कथेतली बाई मुकी, म्हणून सगळ्याजणी दोन तास हळहळल्या. तिच्यासारखी एक समोर बोलली, तर तिला चहा वाटायला पाठवलं. आणि पहिली हाक ऐकूनही मुद्दाम बसून राहायचं, दुसरीपर्यंतचा तेवढा वेळ माझाही होता. नऊ वर्षं कुणाला कळू दिला नव्हता. तो मीच उघडा केला, हशासाठी.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "रागावू नकोस हं. तुझ्यामुळे सगळ्यांना मुद्दा पटला. पुढच्या महिन्यात जळगावलाही नेईन तुला."

"येणार नाही."

"का गं?"

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचंही भाषण केलं असतं.

काम जाईल. जाऊ दे. भांडी सगळ्याच घरांत खरकटी होतात. पण मला समोर उभं करून माझ्याविषयी बोलायची मुभा आता कुणालाच नाही.