स्कॅनरवरचं नाव

शहरातल्या दाना ओली या गल्लीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बँकमित्र म्हणून बसते. एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि दोन खुर्च्या, एवढाच पसारा. फॉर्म भरता येत नाही म्हणून बँकेतून जे परत फिरतात, ते माझ्याकडे खुर्चीत बसून काम करून घेतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मागच्या वर्षी किला गेटजवळ पोह्यांचा ठेला लावणारी एक बाई आली. पन्नाशीची, विधवा, या हिंदी मुलखातली आपल्यासारखीच मराठी. ठेल्यावरचा स्कॅनर तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, गिऱ्हाईकं यावर पैसे टाकतात. याच्यासोबतचा डबा बोलतो पण, मिळाले म्हणून. ते पक्का मलाच मिळतात ना?"

"कोणी लावून दिला?"

"दिराने. खर्चापुरते तोच आणून देतो."

मी माझ्या मोबाइलवरून एक रुपया पाठवायला घेतला. स्क्रीनवर नाव आलं ते दिराचं. मी वाचून दाखवलं.

"कांदा मी चिरते, हात माझे भाजतात," ती एवढंच म्हणाली.

तिचं स्वतःचं खातं होतं, पण कित्येक वर्षं वापरलेलं नव्हतं. खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, तो कधीच बंद झालेला. हे काम माझ्या मशीनवर होणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर शाखेत गेले.

"सर्वर डाउन है, कल आना," खिडकीतले साहेब म्हणाले.

"ठेला बंद करके आई हूँ। यहीं बैठती हूँ," ती म्हणाली आणि खरंच बाकावर बसली. मीही बसले. दुपारी तीनच्या सुमारास खातं सुरू झालं, तिच्या स्वतःच्या नव्या नंबरासकट. आठवडाभरात तिच्या नावाचा स्कॅनरही आला.

मग दीर माझ्याकडे आला, तावातावाने. "वहिनीला यातलं काही समजत नाही. तुम्ही कशाला घरात भांडणं लावता?"

"मी फक्त नाव वाचून दाखवलं," मी म्हटलं. "तुम्हीच वाचून दाखवलं असतंत, तर त्या इथे आल्याच नसत्या."

तो तसाच निघून गेला. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. मग हळूहळू निवळला. आता बाजारातून पोह्यांचं पोतं तोच स्कूटरवर आणून देतो आणि पेट्रोलचे पैसे ती त्याला देते.

परवा ती आली, खुर्चीत बसली, अंगठा लावला. मी शिल्लक सांगितली आणि विचारलं, "किती काढायचे?"

"आज काही नको," ती म्हणाली. "नुसते बघायला आले होते."