तीन पायऱ्या, एक फळी आणि बंगळूर

माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला मी गेले नाही. लग्न बंगळूरला होतं, आम्ही मिरजेचे. सगळं घर गेलं आणि मी शेजारच्या काकूंच्या सोबतीनं मागे राहिले. "तुला एवढ्या लांब न्यायचं कसं?" असं आमचे वडील, आप्पा, म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

परवा भाचीच्या मुलीनं फोन केला. तिच्या सासूबाई आता चाकाच्या खुर्चीवर असतात आणि त्यांना बंगळूर बघायचंय. "आजी, तू तर त्या काळात जाऊन आलीस. काय काय तयारी केली होतीस?" एवढं सगळं फोनवर कुठं सांगणार, म्हणून हे इथं लिहिते आहे. गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. गाड्या, भाडी, हॉटेलं सगळं बदललंय, त्यामुळे आकडे देत नाही. बाकीचं उपयोगी पडेल.

सातव्या वर्षी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. आप्पांची पिठाची गिरणी होती. धान्याची पोती उचलून कमावलेलं शरीर, त्यामुळे मला उचलणं म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून टांग्यात, टांग्यातून देवळात. खुर्ची होती लाकडी, वेताच्या बैठकीची, एका दवाखान्यानं मोडीत काढलेली. घडी होत नसे. पण मोठी चाकं मी स्वतः फिरवू शकत असे आणि हात माझे आप्पांवरच गेले होते.

लग्नानंतर माझा भाऊ मधू नव्या नवरीला घेऊन मिरजेला आला. वत्सला बंगळूरचीच. तिचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. तिचं मराठी ऐकायला मजा यायची. मी वयानं मोठी म्हणून मला "अक्का" म्हणायची. पहिल्याच संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाली, "अक्का, लग्नात तुम्ही नव्हता, तर मला वाटलं, नणंद रागावली आहे. इथं येऊन कळलं. आता तुम्ही आमच्या घरी यायचं. सरी?"

"सरी म्हणजे?"

"म्हणजे ठीक. ठरलं."

आणि खरंच ठरलं. मी तिला पत्रांतून प्रश्न विचारत सुटले. दाराची रुंदी किती? पायऱ्या किती? न्हाणीघरात खुर्ची वळेल का? आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही तेही विचारलं, संडासाचं काय? कुठंही जाणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, लाजू नका. वत्सला लाजली नाही. तिनं सुताराकडून एका खुर्चीची बैठक मधोमध कापून घेतली, खाली बादली बसेल अशी. अंगणातून ओसरीवर तीन पायऱ्या होत्या, त्यांच्यासाठी एक लांब जाड फळी करून घेतली. "या, सगळं तयार आहे," असं तिनं कळवलं. जानेवारीत लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं, तो मुहूर्त धरला. आई गिरणी सांभाळायला राहिली आणि मी नि आप्पा निघालो.

मिरजेहून बंगळूरला तेव्हा छोट्या रुळांची गाडी जायची. खुर्ची मालाच्या डब्यात गेली आणि मी खिडकीशी. डब्यातल्या संडासात मला नेणं हा मोठाच खटाटोप असल्यामुळे मी पाणी घोटघोट प्यायले. हे शहाणपणाचं नाही, तुम्ही करू नका. पण खिडकीतून जे दिसत होतं त्यानं तहान विसरायला होत होती. बेळगावच्या पुढचं गच्च रान, धारवाडकडची काळी जमीन, आणि दुसऱ्या दिवशी नारळाच्या बागाच बागा. अर्सीकेरेला मधाळ वासाची केळी घेतली. कोळशाची भुकटी डोळ्यांत जात होती तरी मी खिडकी लावू दिली नाही.

बंगळूरला मधू स्टेशनवर होता. राजाजीनगरात त्यांचं भाड्याचं घर, मधू तिकडच्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. घरासमोर टॅक्सी थांबली. वत्सलानं पायऱ्यांवर फळी टाकून तिच्या दोन्ही कडांना रांगोळी काढली होती. माझं मन भरून आलं.

"फळी-बिळी कशाला?" आप्पा म्हणाले. "मी आहे ना."

"मामंजी, स्वल्प थांबा," वत्सला म्हणाली. "खुर्चीच वर जाईल, मी करून बघितलंय..."

पण आप्पांनी मला उचललंही होतं. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज आला. त्यांनी मला पडू दिलं नाही, अगदी अलगद ओसरीवर ठेवलं. मग तिथंच खांबाला धरून बसले आणि त्यांना उठता येईना.

डॉक्टर म्हणाले, कमरेत उसण भरली आहे, पडून राहा, वजन उचलायचं नाव काढू नका. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री जेवताना म्हणाले, "जरा उठता आलं की परत जाऊ. आता इथं काय करणार?"

"मी बंगळूर बघणार," मी म्हणाले.

"कोण उचलणार तुला?"

"कुणी उचलायचं नाही. म्हणूनच तर फळी आहे."

"सुमे, परक्या गावात पडलीस तर?"

"पडले तर पडले, आप्पा. लग्नाला नाही आले, आता दारात येऊन परत जाऊ?"

मी त्यांना असं कधी उत्तर दिलं नव्हतं. मला झोप लागली नाही, आणि त्यांनाही लागली नव्हती, कुशी बदलताना कण्हण्याचा आवाज येत होता.

सकाळी मधू कारखान्याच्या बसनं गेला आणि वत्सला बाजारात. परत आली ती एका घोडागाडीत बसून. गाडी माणसांची नव्हे, भाजीची. सपाट, कडेला बुटके कठडे. हाकणारे होते बशीरभाई, बंगळूरच्याच शिवाजीनगरचे. मंडईचं काम पहाटेच आटपायचं, मग दिवस मोकळा. वत्सलाची युक्ती अशी की गाडी मागे घेत घेत ओसरीला भिडवायची. ओसरी आणि गाडी जवळजवळ एका उंचीच्या. मधे फळी टाकली आणि मी माझी खुर्ची स्वतः ढकलत थेट गाडीत गेले! बशीरभाईंनी चाकं कठड्याला दोरीनं आवळली. फळीही सोबत घेतली.

"पकड के बैठो, अक्का," ते म्हणाले. "घोडी शरीफ है, सड़क का भरोसा नहीं."

आप्पांनी खिडकीतून मान उंचावून बघितलं. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांपेक्षा उंच बसून गाव बघत होते. गुलमोहराच्या फांद्या डोक्याला लागत होत्या. हवा अशी थंड की वत्सलानं मला तिची शाल दिली. लोक वळून बघत होते. मिरजेत असं कुणी बघितलं की मी मान खाली घालायची. इथं एक छोटी मुलगी ओरडली, "अम्मा, तेरु! तेरु!"

"काय म्हणते?"

"रथ म्हणते," वत्सला हसून म्हणाली. मग मी त्या मुलीला देवीसारखा हात करून आशीर्वाद दिला. वत्सलाला हसता हसता ठसका लागला.

लालबागेत फळीवरून उतरताना बशीरभाई खाली उभे राहिले, खुर्चीला छातीचा आधार देत, आणि वत्सलानं वरच्या बाजूनं धरलं. उतरताना तोंड वर, पाठ उताराकडे, हे लक्षात ठेवा. आतल्या वाटा रुंद आणि सपाट, मिरजेच्या एकाही रस्त्यावर खुर्ची इतकी गुळगुळीत चालली नव्हती. काचेच्या मंडपात फुलंच फुलं. गुलाब, डेलिया, आणि झेंडूंचा केलेला एक भलामोठा मोर. गर्दीत मला पुढचं दिसेना, तेव्हा एका पंचेवाल्या आजोबांनी काठीनं वाट करून दिली.

बागेत एक खडक आहे, लोक त्यावर चढून गाव बघतात, तो मात्र मला चढता येण्यासारखा नव्हता. उघडा, निसरडा, मोठा. वत्सला म्हणाली, "राहू दे, मीपण नाही जात."

"तू जा. वर जाऊन ये आणि काय दिसतं ते सांग."

"तुम्हाला एकटं सोडून?"

"हो."

ती गेली. बशीरभाई घोडीला पाणी दाखवायला गेले होते. आणि मी एका झाडाखाली एकटी. हे वाचणाऱ्यांना त्यात काय विशेष वाटेल, पण मी तोपर्यंत घराबाहेर कधी, कुठंही, एकटी नव्हते. मग एक कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या, म्हणाल्या, "स्वल्प नोडकोळ्ळी," आणि निघाल्या खडकावर. जरा लक्ष ठेवा, एवढंच. त्यांच्या मागून आणखी एकजण छत्री ठेवून गेले. त्यांना मी बसलेली दिसले आणि सामान ठेवायला बरी वाटले, बस्स. माझ्यावर लक्ष ठेवायचं सोडून लोक मला लक्ष ठेवायला सांगत होते! मी त्या पिशव्यांना दोन्ही हातांनी असं धरून बसले जणू आत सोनं आहे. आत डबा होता, इडल्यांचा. परत आल्यावर त्यांनी मला दोन खायला लावल्या.

वत्सला धापा टाकत आली. "तुमच्या मिरजेपर्यंत दिसतं," म्हणाली. तिची थाप मी आनंदानं ऐकून घेतली.

संध्याकाळी घरी आलो तर आप्पा पडल्या पडल्या अवरेकाई सोलत होते, आपल्या पावट्याचाच प्रकार, तिकडे थंडीत घरोघरी असतो. मी बोलत राहिले, ते सोलत राहिले. पिशव्यांची गोष्ट आली तेव्हा हात थांबले. "कानडी बाईनं सामान दिलं? तुझ्यापाशी?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी चिकपेट, तिथली कापडाची पेठ. मला साडी घ्यायची होती. माझ्या सगळ्या साड्या तोवर दुसऱ्यांनी आणलेल्या, बहुतेक फिकट रंगाच्या. चिकपेटेत गाडी शिरेना, म्हणून तोंडाशीच उतरून खुर्चीनं निघालो. हमाल, गठ्ठे, सायकली, त्यातून वत्सला "दारी बिडी, दारी बिडी", म्हणजे वाट सोडा, असं ओरडत वाट काढत होती. दुकान उंच ओट्यावर, आत पांढरी गादी, गिऱ्हाईकं मांडी घालून बसलेली. दोन नोकर मला उचलायला धावले.

"थांबा," मी म्हणाले. "उचलू नका."

मालक मराठीच निघाले, वत्सलाच्या माहेरच्यांसारखे जुने. "मग इथंच रस्त्यात दाखवू काय, अक्का? सगळा माल बाहेर आणतो."

"नको. मला आत गादीवर बसायचंय."

ओट्याची उंची माझ्या बैठकीएवढीच होती, ते मी आल्याबरोबर ताडलं होतं. खुर्ची सरळ ओट्याला भिडवली, पाय ठेवायच्या पट्ट्या वर केल्या. हातांनी एक पाय गादीवर ठेवला, मग दुसरा. भोवती माणसं गोळा झाली. वत्सलानं दुकानातली एक नऊवारी उलगडली आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली. "बघायचं काय आहे? साडी बघा, साडी!" मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि सरकत सरकत आत गेले. घामाघूम झाले होते. मालकांनी लोड पुढे केला.

मग मी त्यांना पुरतं दमवलं. पन्नासेक साड्या उलगडायला लावल्या असतील. शेवटी घेतली ती गडद जांभळी, मोहरी रंगाच्या काठाची. "ही नेसून कुठं जाणार?" मालकांनी गमतीनं विचारलं. मी म्हणाले, "सगळीकडे."

निघायच्या आदल्या दिवशी आप्पा काठी घेऊन चालू लागले होते. रविवार असल्यामुळे मधूही घरी होता. गाडी ओसरीला लागली तेव्हा आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. "मलाही न्याल का?" असं वत्सलाला विचारलं, माझ्याकडे न बघता.

भाजीच्या गाडीत सतरंजीवर आप्पा, शेजारी खुर्चीत मी. विधानसौधासमोर, म्हणजे तिथल्या विधानभवनासमोर, आलो तेव्हा ते भव्य दगडी काम बघून त्यांनी टोपी सारखी केली. पायऱ्यांची रांग बघून माझ्याकडे बघितलं. "ही बाहेरूनच छान दिसते, आप्पा," मी म्हणाले. कब्बन पार्कात मी त्यांना बांबूची बेटं दाखवली. दुपारी एका हॉटेलात मसाला डोसा खायचा ठरला. दाराशी एक पायरी होती. आप्पांचे हात सवयीनं पुढे आले आणि तिथंच थांबले. मी मधूला सांगितलं, "खुर्ची मागे फिरव. मोठी चाकं आधी. आता जरा कलती कर आणि ओढ." खुर्ची टुणकन वर आली. आप्पांनी ते नीट बघितलं. डोसा आल्यावर म्हणाले, "एवढंच करायचं असतं?"

"एवढंच."

"मग मी इतकी वर्षं..." आप्पा म्हणाले. मी माझ्या डोशातला कुरकुरीत तुकडा त्यांच्या ताटात टाकला. लोण्याचा होता. त्यांनी खाल्ला.

निघताना वत्सला रडली, मी रडले, बशीरभाईंनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवत "फिर आना" म्हटलं. मी पुढे किती तरी वेळा गेले.

आता तुमच्या कामाचं सांगते. दारं मोजून घ्या. संडासाची आधी चौकशी करा. एक लांब फळी न्या, आता हलक्या धातूच्या मिळतात. सगळं बघायचा हट्ट धरू नका, खडक खालूनही छान दिसतो. आणि सासूबाईंना अधूनमधून एकटं बसू द्या.

आणि हो, एक राहिलंच. परतताना मिरजेला गाडी थांबली. डब्याचं दार उंच, फलाट खाली. हमाल गोळा झाले. आप्पांची कंबर अजून पुरती बरी नव्हती, तरी ते खाली उतरून उभे राहिले, आणि इतक्या लोकांसमोर मला विचारलं, "सुमन, कसं उतरायचं?"

मी सांगितलं. हमालांनी तसंच केलं.

त्यानंतर आप्पांनी मला कधी उचललं नाही असं नाही. कंबर बरी झाल्यावर पुष्कळदा उचललं. पण दर वेळी आधी विचारलं, आणि बरेचदा मी नको म्हणाले.