आमच्या मनीनं आज बशीतून खाल्लं

मंडळी, दुपारपासून मी जमिनीवर नाहीच!

आई गेलेल्या मांजराच्या या पिल्लाला, मनीला, मी डॉक्टरांनी दिलेलं दूध ड्रॉपरनं पाजत होते. महिन्याची झाली, आणि कालपासून ती ड्रॉपर नुसता चावत होती, पीत नव्हती. आता ही जगत नाही, असं वाटून मला रडू कोसळलं.

शेजारच्या अक्कांनी तिचं तोंड उघडून बघितलं. "कामून रडायलीस गं? दात आलेत हिला. मऊ कालवून बशीत दे की."

मी पिल्लांचं खाणं कोमट दुधात कालवलं, बोटावर धरलं. तिनं हुंगलं, चाटलं आणि दोन्ही पाय बशीत घालून खातच सुटली.

मग माझ्याकडे न बघताच आमच्या जनवाडा गावच्या उबदार उन्हात जाऊन झोपली. मिशांना घास तसाच. मी कितीतरी वेळ तिचं वरखाली होणारं पोट बघत बसले.

भरवलेलं कुणी स्वतः खायला लागलं, की तुमचंही असंच होतं का?