साहेबांच्या टेपवर माझी बायको

माझ्या बायकोचा आवाज साहेबांच्या हॉलमध्ये ऐकू आला तेव्हा मी स्टुलावर उभा होतो. खिडकीतला एसी त्याच्या पेटीतून अर्धा बाहेर ओढलेला. सगळं वजन छातीवर आणि दोन्ही हातांवर. तोंड खिडकीकडे, पाठ माणसांकडे. हात सोडले असते तर एसी खाली सोफ्यावर पडला असता, आणि सोफ्यावर साहेबांच्या बाई बसल्या होत्या. म्हणून मी हात सोडले नाहीत.

"जय भीम. म्या बोलायले," बायको म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, "तरीच."

एकच शब्द. कोण म्हणालं ते मला दिसलं नाही. पण मी कोण, कुठला, मला कुठं बसवायचं आणि कुठं नाही, हे सगळं त्या एका शब्दात आलं. मग बायका हसल्या. मग पुरुष हसले.

शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. साहेबांकडे जेवण होतं. दहा-बारा माणसं, सगळी मराठी. पुण्याची, ठाण्याची, नाशिकची. इंजिनीयर, अकाउंटंट, त्यांच्या बायका. ऐन जेवणाच्या वेळी हॉलचा एसी बसला. दोह्याच्या उन्हाळ्यात एसी बसला म्हणजे पाहुणे उठलेच. साहेबांनी कॅम्पवर गाडी पाठवून मला उचलून आणलं. सुट्टी माझीही होती, पण ते विचारायची पद्धत नव्हती.

मी मात्र आनंदानं गेलो होतो. साहेब नुकतेच रजेवरून परतले होते आणि माझी कॅसेट त्यांच्याकडे होती.

कॅसेटचं सांगायला हवं. गावात फोन नव्हता. बायकोला लिहिता येत नव्हतं. त्या काळी आखातात गेलेले आम्ही सगळे टेपवर बोलायचो. इकडून एक कॅसेट भरून पाठवायची, तिकडून एक यायची. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. माझ्या मेव्हण्यानं बीडहून एसटीनं मुंबईला जाऊन ती साहेबांच्या भावाकडे पोचवली होती, सोबत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. साहेबांनी आपण होऊन "आणतो" म्हटलं होतं. मला केवढं कौतुक वाटलं होतं. कंपनीचा पर्सोनेल ऑफिसर, आणि माझ्या बायकोची चटणी स्वतःच्या बॅगेत घालून आणणार.

"विमानतळावर कस्टमवाल्यांनी उघडून बघितली रे. चालतेय ना, पाहून घेऊ," साहेब म्हणाले आणि त्यांनी ती आपल्या मोठ्या टेपमध्ये घातली. दोन स्पीकरांचा टेप होता. मी "नको" म्हणायच्या आत बायको बोलायला लागली.

"आवाज येतोय का न्हाई काय कळंना. अवो, तितं समिंदर हाय म्हनत्यात. लई जवळ जाऊ नगा."

"समिंदर," एक बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू फुटलं.

समुद्र मी दोह्याला येईपर्यंत पाहिला नव्हता. मुंबई अंधारातच सोडली होती, त्यामुळे विमानातून पहिल्यांदा दिसला तो हाच. स्वच्छ ऊन, निळं पाणी, पाण्याकाठी पांढरं शहर. उतरलो तेव्हा वाटलं, इथं आपल्याला कुणी ओळखत नाही, बरं झालं. आणि ते खरंही होतं. अरब लोक आम्हा सगळ्यांनाच 'हिंदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानातला. मल्याळी हिंदी, पंजाबी हिंदी, मीही हिंदी. फोरमन ओरडायचा, "यल्ला, हिंदी!" म्हणजे चल, हिंदी. त्याच्या ओरडण्यात सगळे सारखे होते. तो अपमान असेल, पण माझ्या जन्मात पहिल्यांदा तो सगळ्यांबरोबर वाटून आला होता. मला तो हलका वाटला. जात मला पुन्हा भेटली ती त्या हॉलमध्ये, माझ्याच भाषेच्या माणसांत.

"शेळी व्याली. दोन पाटी झाल्या, बोकड एक बी न्हाई," बायको सांगत होती. "पोरगी लई वाह्यात झालीय. ह्या पेटीलाच बाबा म्हनायलीय. तुमची कॅसेट संपली की पेटीवर फडकं टाकती. म्हनती, बोलू नगा, बाबा झोपला."

इथं बायको थांबली. टेपवर नुसती खरखर. मला माहीत होतं ती का थांबली. पोरगी मी इकडं आल्यावर महिन्याभरात जन्मली होती. मी तिला पाहिलं नव्हतं, तिनं मला पाहिलं नव्हतं. त्या खरखरीत माझी बायको तोंडात पदर धरून बसली होती.

हॉलमध्ये हसून हसून एकाला ठसका लागला.

"परत लावा हो, ते बाबा झोपलाचं परत लावा."

साहेबांनी कॅसेट मागं नेली आणि पुन्हा लावली. मी एसी धरून उभा. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. मनात आलं, सोडून द्यावा हा धोंडा. पण हातांना कामाची सवय. ते सोडत नव्हते.

बिघाड काढला, एसी आत ढकलला, स्क्रू आवळले. गार वारा सुटला तशी सगळी "हांऽऽ" म्हणाली. साहेबांनी कॅसेट माझ्या हातावर ठेवली. "भारी आहे रे तुझी बायको." बाईंनी श्रीखंड दिलं, कागदी डिशमध्ये. आधीच्या दोन खेपांना स्टीलची वाटी होती. मी खालच्या मानेनं ते खाल्लं, आणि डिश कचऱ्यात टाकून बाहेर आलो.

गाडी कंपनीची, चालवणारे गफूरभाई रत्नागिरीचे. माझ्या वडिलांच्या वयाचे. ते सारखे माझ्याकडे बघत होते.

"काय झाला? तोंड का उतरला तुजा?"

मी सांगितलं. त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मोठ्या मानसांचा असाच असता. सोड."

आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. तिथंही एकमेकांच्या कॅसेटा ऐकायचो. हसायचोही. कुणाच्या आईच्या शिव्या ऐकून लोळायचो. पण तिथं रीत होती, ज्याची कॅसेट त्याच्या हातात बटण. त्याला वाटलं तर तो लावणार, त्याचा गळा भरून आला की तो बंद करणार, आणि मग कुणी काही विचारायचं नाही. ही रीत कुणी शिकवली नव्हती. साहेबांना ती कळली नाही. माझ्या बायकोचं बटण दुसऱ्याच माणसाच्या हातात होतं, आणि तो ते मागं-पुढं करत होता.

त्या दिवशी खोलीत मी कॅसेट लावली नाही. लावलीच नाही कित्येक दिवस. तिचा आवाज आठवला की मागून हसू ऐकू यायचं. बायकोच्या आवाजाची मला लाज वाटायला लागली होती. साहेबांनी माझं केलेलं वाटोळं ते हे. हसणं मी विसरलोही असतो.

हे मी शाळेच्या भाषेत लिहितोय. ती मला येते. औरंगाबादला आयटीआयला गेलो तेव्हा पोरं हसायची, म्हणून मी जीभ घासून घासून ती कमावली. साहेबांपुढे मी कायम तीच बोलायचो. त्यामुळे त्यांना इतके दिवस पत्ता लागला नव्हता. बायकोनं दोन शब्दांत लावून दिला. त्याबद्दल आज मी तिचे उपकार मानतो. तेव्हा मात्र तिचाच राग आला होता.

माझी दोन वर्षं भरत आली होती. रजेचा अर्ज मी दिला होता. साहेबांची सही झाली की कागद कफीलकडे जायचा. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात राहत होतो तो मालक. पासपोर्ट त्याच्याकडे, देशाबाहेर पडायची परवानगी त्याच्याकडे. आणि त्याच्या दारात उभं राहायला साहेबांची सही. घरी जाऊन पोरीला एकदा उचलून घ्यायचं, आणि बाबा म्हणजे पेटी नव्हे, माणूस असतो, एवढं तिला कळू द्यायचं. दुसरं काहीही मला नको होतं.

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. अर्ज समोरच होता.

"आपल्या मंडळाचा कार्यक्रम आहे रे, थंडीत. मी एक विनोदी नाटुकलं लिहिलंय. आखातात नवरा, गावाकडून बायको कॅसेट पाठवते. बायकोचं काम आमची ही करेल. तू फक्त तिला ते बोलणं शिकव. आणि कॅसेट घेऊन ये. सुरुवातीचं तेवढं गाळू."

सुरुवातीचं म्हणजे ते दोन शब्द.

"आणि रजेचं मी बघतो," साहेब म्हणाले. अर्जावर त्यांचा हात होता.

खोलीत सगळ्यांचं एकच मत पडलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. चार दिवस शिकव, सही घे, विमानात बस. गफूरभाईंनीही मान हलवली. "नाटक तर हाय. पोरीकडं जा तू." कुणाचं काही चुकत नव्हतं. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. मी गेलो.

तोच हॉल. तीच माणसं, थोडी कमी. बाईंनी डोक्यावर पदर घेतला होता, कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं. साहेबांनी माझ्या हातून कॅसेट घेतली, टेपमध्ये घातली आणि पहिले दोन शब्द पुढं पळवले. मग बायकोचं एकेक वाक्य वाजायचं आणि बाई ते नाकातून म्हणायच्या. 'म्या बोलायले' झालं. समिंदर झाला. शेळीही झाली. दर वाक्याला साहेब मला विचारायचे, "असंच ना रे?" मी मान हलवायचो.

मग पोरीचं वाक्य आलं. बाईंनी ते बोबडं केलं. हातातला रुमाल टेपवर टाकला, ओठावर बोट ठेवलं आणि डोळे फिरवून म्हणाल्या, "बोलू नगा, बाबा झोपला." सगळी पोट धरून हसली. टेपवर ती खरखर चालूच होती.

"असंच ना रे?"

या वेळी माझे हात रिकामे होते. मी टेपपाशी गेलो. बटण दाबलं. कॅसेट काढून खिशात घातली.

"मला जमणार नाही, साहेब."

"का? काय झालं?"

"ती माझी बायको आहे."

"अरे, आम्ही कुठं तिचं नाव घेतोय?"

"घेत नाही, म्हणूनच."

साहेब हसतच होते. तेच हसू तोंडावर ठेवून म्हणाले, "बरं. मग रजेचंही सावकाश बघू." मागून एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, गावाकडची माणसं मनाला लावून घेतात."

महिन्याभरात माझी बदली झाली. उत्तरेला अल रुवैस, मासेमारीचं बंदर, तिथला बर्फखाना. दोह्यापासून लांब, खोलीतल्या माणसांपासून लांब. माणसं कमी आहेत, सध्या रजा नाही, असा निरोप आला. त्या दिवसांत मी काय करू शकत होतो? पासपोर्ट माझा नाही. सही माझी नाही. पळून जायचं म्हटलं तर पुढं समुद्र आणि मागं वाळवंट. दिवसा मशीन चालवायची. संध्याकाळी बायकोची कॅसेट लावायची, पहिल्या दोन शब्दांपासून. ती बोलायची. मी ऐकायचो. लाज कधी गेली कळलं नाही, पण गेली.

बर्फखान्याची गाडी महिन्यातून एकदा सुटे भाग आणायला दोह्याला जायची. मी तिच्यात बसायचो आणि थेट पर्सोनेलच्या खोलीत जायचो. पहिल्या खेपेला गेलो तेव्हा साहेबांच्या शेजारी मल्याळी क्लार्क होता, पलीकडे इजिप्तचा मिसरी कॅशियर, आणि साहेबांपुढं कुणी बडा पाहुणा. मी हात जोडले नाहीत. टेबलापुढं उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो,

"सायेब, मपल्या रजेचं काय झालं?"

क्लार्क बघायला लागला. "ये क्या बोलता है?"

"कुछ नहीं," साहेब म्हणाले. मग मान वर न करता मला, "नीट मराठीत बोल."

"नीटच बोलायलोय. मपली बायकू असंच बोलती. तुमाला कळतंय की."

साहेबांचे कान लाल झाले. रजा त्या महिन्यात मिळाली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. तिकडं पोरगी त्या पेटीवर फडकं टाकत मोठी होत होती आणि ते मला थांबवता येत नव्हतं. मिळेल तेव्हा मिळेल. मी पाय धरणार नव्हतो, आणि त्या माणसापुढं शाळेची भाषा पुन्हा बोलणार नव्हतो. त्या खोलीत माझी भाषा कळणारा माणूस एकच होता. उत्तर देईपर्यंत मी त्याला ती ऐकवणार होतो, दर महिन्याला, सगळ्यांसमोर.