रेघेवरचा तळहात

इथे ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात मी पंपांवर लक्ष ठेवतो. बहिणीचा मांडवीहून फोन आला तेव्हा समोरच्या पडद्यावर दाबाची रेघ सरकत होती. "दादा, सुर्वे सर गेले," एवढंच ती बोलली. रजा मागायला गेलो तर सुपरवायझरने विचारलं, नात्यातले का? नववीत शाळा सोडलेल्याला शिकवत राहिलेला माणूस कुठल्या नात्यात बसतो, मला सांगता येईना. परत येऊन पडद्यासमोर बसलो.

सर आम्हाला गणित शिकवायचे. वर्गात बहुतेक होडीवाल्यांची पोरं. एकदा फळ्यावर त्यांनी एका बोटीचा आलेख काढला... बाजूला किनाऱ्यापासूनचं अंतर, खाली वेळ. रेघ चढली, मधे सपाट चालली, मग उतरून तळाला टेकली. बोटीने काय केलं, सरांनी विचारलं. आम्हाला तो नकाशाच वाटला, आणि नकाशात वर म्हणजे उत्तर दिशा. कुणी बोट उत्तरेच्या जयगडला नेली, कुणी तिथून दक्षिणेच्या पूर्णगडला उतरवली. मला मात्र धडकी भरली. रेघ जिथून निघाली त्या कोपऱ्यात परत आलीच नव्हती, पार दुसऱ्या टोकाला संपली होती. मी रडवेला होऊन उठलो, म्हटलं, "सर, बोट घरी आलीच नाय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. माझे बाबा तेव्हा दर्यावर होते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी खडूने माखलेला तळहात रेघेवर ठेवून ती झाकली. "आधी बाजूचं वाच, मग खालचं. रेघ शेवटी." मी वाचलं. हात निघाला. शेवटी अंतर शून्य... म्हणजे बोट बंदरात लागलेली. "मग रडतोस कशाला मेल्या?" म्हणाले.

पुढे बाबांची कंबर गेली, होडीवर मला जावं लागलं. सर घरी येऊन आईशी बोलले, भांडले, चहा न घेता गेले. तरी जाळी सुकवायच्या वेळी वर्तमानपत्र घेऊन यायचे. पावसाचा, भावाचा, मतांचा, सापडेल तो आलेख समोर धरायचे आणि रेघेवर हात. त्या हाताने मला ही नोकरी दिली. नाहीतर आज मी काय असतो, याचा विचारही करवत नाही.

शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. सर घरीच होते, खूप वाळलेले. मूत्रपिंडं बिघडली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. प्रत्येक तपासणीचा आकडा घेऊन त्यांनी स्वतःच पेन्सिलीने आलेख काढला होता. काकूंनी, सरांच्या बायकोने, कागद धरला. सर कुशीवर वळले आणि सुई टोचलेल्या जागी पट्टी लावलेला हात रेघेवर ठेवला. "वाच."

बाजूला क्रिएटिनिन. खाली तारखा. हात निघाला. रेघ चढतच गेली होती...

काकूंचा चेहरा कागदाआडून पुढे आला. "वर चाललीय ना रे? मी यांना तेच सांगते, सुधारतंय म्हणून. हे बोलतच नाहीत."

मी सरांकडे बघितलं. ते हळू म्हणाले, "तू सांग तिला. माझ्याच्याने होत नाही."

एवढ्या लांबून मी काय करू शकत होतो? तिथे असतो तर निदान काकूंच्या हातातला कागद घेतला असता. मी म्हटलं, "काकू, ही रेघ खाली यायला हवी होती." काकूंनी आपला तळहात त्या रेघेवर ठेवला आणि तसाच ठेवला. सरांनीही तो काढायला सांगितलं नाही.

आता कामावर पडद्यावर नवा आलेख उघडला की माझा हात आधी रेघेवर जातो. सोबतचे हसतात, काच पुसतोय म्हणतात. मी बाजूचं वाचतो, खालचं वाचतो. सगळं ठीक असणार, हे माहीत असतं. तरी हात लगेच उचलवत नाही...