दाराबाहेर कोण? : डॉ. कुंदा मेश्राम यांचा एक प्रश्न

डॉ. कुंदा मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझा डबा लुटला गेला त्या दिवशी. पुण्याहून इंजिनीअर होऊन मी न्यू जर्सीत एम.एस. करायला आलो होतो. वेळेत बसत होता एवढ्याच कारणाने बाईंचा 'आफ्रिकेतला युरोपीय साम्राज्यवाद' हा विषय घेतला. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आज डबा कोणी आणलाय?" मी हौसेने हात वर केला. डब्यात थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी होती. बाईंनी तो टेबलावर मधोमध ठेवला आणि मला मराठीत म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर उभे राहा. दार लावून घ्या."

दाराच्या काचेतून मी बघत राहिलो. वर्गातली मंडळी टेबलाभोवती जमली, कोणीतरी चक्क फूटपट्टी काढली आणि माझं थालीपीठ सरळ रेषांत कापलं गेलं. आत बोलावल्यावर प्रत्येकाने आपलं कारण सांगितलं. एक म्हणाला, तुला एकट्याला एवढं संपलं नसतं. दुसरी म्हणाली, मी घेतलं नसतं तर याने घेतलं असतं. तिसऱ्याने मला काट्याने खायला शिकवायचं ठरवलं होतं आणि त्या उपकाराबद्दल अर्धी चटणी घेतली होती. एक जण डब्यावर हात ठेवून म्हणाला, डबा तुझाच रे, मी फक्त सांभाळतोय. एकीने माझ्याच रूममेटला डब्याचा मुकादम नेमला होता आणि तो गडी खूश होता. आणि एक धटिंगण तर माझ्या खुर्चीतच जाऊन बसला होता, उठायचं नाव घेईना.

"अरे, पण मला कोणी विचारलं का?" मी ओरडलोच.

"हाच प्रश्न सेमिस्टरभर लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नकाशा उघडला. बर्लिनमध्ये युरोपातले मुत्सद्दी एका टेबलाभोवती बसले, आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले, आणि त्या टेबलाशी एकाही आफ्रिकी माणसाला खुर्ची नव्हती. कच्चा माल हवा, बाजारपेठ हवी, शेजारच्या देशाच्या आधी झेंडा रोवायला हवा. आणि या सगळ्यावर 'आम्ही सुधारणा न्यायला आलो' अशी साय. कुठे थेट राज्य, कुठे कंपनीचं राज्य, कुठे तिथल्याच मुखियाला पुढे करून कारभार, कुठे 'संरक्षण', तर कुठे जमिनीच बळकावून वस्ती. काँगोत बेल्जियमच्या राजाने रबरासाठी माणसांचे हात तोडू दिले आणि युरोपात तो दानशूर म्हणून मिरवला. हे ऐकताना माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! ती अजून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यासाठी भरलेला डबा आणला. त्यात नागपुरी वडाभात होता, वरून फोडणीचं तेल. "तुमचं थालीपीठ काही परत येत नाही," त्या म्हणाल्या. "पण परदेशात घरापासून लांब राहता, तुम्हांला उपाशी ठेवायचं नाही मला." त्यानंतर कित्येक विद्यार्थ्यांना बाईंनी असंच घरी जेवू घातलं, आजारपणात ड्राइव्ह करून दवाखान्यात नेलं. त्याविषयी बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात इतर लिहितीलच. मला मात्र जे लिहायचं आहे ते लिहू नये असा अंकाच्या समितीचा निरोप होता, म्हणून तेच लिहितो.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि बाई प्रमुख पाहुण्या होत्या. मुलांचं नाटक होतं, 'आफ्रिकेचा शोध'. शोध! जिथे माणसं हजारो वर्षं नांदत होती, तिथला शोध! अर्धी मुलं टोप्या घालून गोरे संशोधक झाली होती, अर्ध्या मुलांच्या तोंडाला काळा रंग फासून, कमरेला गवत बांधून 'हुर्र हुर्र' करायला लावलं होतं. नाटक बसवलं होतं आपल्या सतीश देवधरांनी, आणि रानटी राणी झाली होती त्यांचीच मुलगी रिया. स्वतः दीडशे वर्षं इंग्रजांची लाथ खाल्लेले आपण, आणि आपल्याच लेकरांना त्याच इंग्रजांची टोपी घालून टाळ्या वाजवायला बसलो होतो. आपल्याच वर्णावरून या देशात चार शब्द ऐकून घरी येतो, तरीही! लाज कशी वाटली नाही आपल्याला?

बाई मेकअपच्या खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या.

"सतीश, हे कॅन्सल करा."

"अहो ताई, मुलांचं नाटक आहे, एवढं काय मनावर घेताय? लोक बाहेर बसलेत यार. आणि आपण कुठे कोणावर राज्य केलं?"

"माझी आई वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकली," बाई म्हणाल्या. "तिला बाहेर बसवणारेही म्हणायचे, आम्ही कुठे काय केलं."

बाईंनी रियाला विचारलं, "तुझा डबा देतेस, बाळा?" डब्यात तिच्या आईने दिलेले बटाटेवडे होते. रियाला बाहेर उभं केलं, बाकीच्या मुलांना म्हणाल्या, वाटून घ्या. ती आत आली तेव्हा डबा रिकामा झाला होता.

"दॅट वॉज माइन! हू सेड यू कुड?"

टोपीवाला एक मुलगा वडा चावत म्हणाला, "वी डिस्कव्हर्ड इट."

ते त्याचं नाटकातलं वाक्य होतं. रियाने टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि तोंडाचा काळा रंग पुसायला लागली. "आय'म नॉट डूइंग धिस, बाबा," ती रडत म्हणाली.

नाटक झालं नाही. त्याऐवजी बाई मुलांना घेऊन स्टेजवर बसल्या आणि प्रेक्षकांना डब्याची गोष्ट सांगितली. काही लोक उठून गेले. पुढे मंडळाच्या कार्यक्रमांची बोलावणी बाईंना जायची बंद झाली. आणि आता पंच्याहत्तरी आली, तेव्हा गौरव अंक काढायची आपल्याला आठवण झाली! समितीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ठरलं की त्या संध्याकाळचा उल्लेख टाळावा, शुभप्रसंगी कडू नको. बाईंचं शांत, गोड, सर्वांना चालेल असं चित्र छापायचं.

मी बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या खळखळून हसल्या. "म्हणजे आयुष्य माझं, डबा माझा, आणि मला दाराबाहेर ठेवून वाटे पाडताय होय?" मग म्हणाल्या, "छापायचं असेल तर ती संध्याकाळ छापा. त्या दिवशी मी स्वतःला जेवढी आवडले, तेवढी कधीच आवडले नव्हते."

पुढच्या मीटिंगला मी सांगितलं, हा प्रसंग नसेल तर माझा लेखही नाही. वादावादी झाली. शेवटी समितीतले सतीशच म्हणाले, "छापा. माझ्या नावासकट छापा. रिया मला अजून विचारते, बाबा, नाटक बसवताना तुम्ही त्या आफ्रिकेतल्या लोकांना विचारलं होतं का?" त्या एका वाक्यासाठी सतीशना मी मानतो.

बाई, तुमचे गुडघे धड राहोत, डोळे शाबूत राहोत, आणि आवाज आहे असाच करडा राहो. शंभरी गाठाच. कुठेतरी टेबल मांडलेलं असेल, दार लावलेलं असेल, आणि वाटणारे हसत वाटत असतील. तेव्हा दार ढकलून आत शिरायला तुम्ही हव्या आहात. सत्काराच्या दिवशी रिया बटाटेवड्यांचा डबा घेऊन येणार आहे. पहिला वडा ती तुम्हांला देणार आहे. हे इथे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती हो म्हणाली, म्हणून लिहिलं.